नोंद झाली म्हणजे गाळप झाले नव्हे



एका ऊस उत्पादकाने कॉम्प्युटरवर लेख लिहावा, हे पाहून काही मंडळी हसतील. हसू द्या. पण आज आपल्या उसाची नोंद कॉम्प्युटरात, तोडणीचा प्रोग्राम कॉम्प्युटरात, काट्यावरचे वजन कॉम्प्युटरात, आणि बँकेत जमा होणारे बिलही कॉम्प्युटरातूनच निघते. कोयता थांबला की कारखाना थांबतो, हे आपल्याला पाठ आहे. कॉम्प्युटर थांबला तर काय काय थांबेल, याचा विचार मात्र आपण सभासदांनी कधी केलेला नाही.

गेल्या हंगामातली गोष्ट सांगतो. नोंदीचा उतारा घ्यायला गट कचेरीत गेलो होतो. टेबलावरच्या यंत्रावर सारखी एक पाटी येत होती. सुरक्षेची दुरुस्ती आली आहे, यंत्र बंद करून पुन्हा चालू करा, असा तिचा मजकूर. क्लार्कसाहेब दर वेळी 'नंतर' या शब्दावर टिचकी मारीत आणि पुढचे काम करीत. मी विचारले, तर म्हणाले, "अहो तात्या, दिवाळीपासून येतीय ती. हंगाम सरू द्या, मग बघू." तेव्हा माघ महिना चालू होता.

क्लार्कसाहेबांना मी दोष देत नाही. दारात चिठ्ठीसाठी वीस माणसे उभी असताना यंत्र पंधरा मिनिटे बंद ठेवायचे, तर शिव्या त्यांनाच खाव्या लागतात. पण 'नंतर' या शब्दाची किंमत किती असते, ते मला पुढे उन्हाळ्यात जासईला गेल्यावर कळले. तेच आज आपल्यापुढे मांडतो.

जासई आणि बंदर

जासई हे रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातले गाव. भातशेतीचा आणि मिठागरांचा हा मुलूख. नवी मुंबईसाठी सिडकोने जमिनी घेतल्या, तेव्हा योग्य मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत इथल्या शेतकऱ्यांनी लढा दिला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील हे याच गावचे. साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत, हे तत्त्व त्या लढ्यातून पुढे आले. आपला हिशेब आपणच मागायचा असतो, हे ठाऊक असलेले हे गाव.

आज गव्हाण फाटा सोडून जासईच्या बाजूला वळले की रस्त्याला कंटेनरच्या ट्रेलरांची रीघ दिसते. गव्हाण म्हटले की आपल्याला मोळी आठवते. तिथे मोळीच्या जागी लोखंडी डबे. पुढे न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर. १९८९ साली ते सुरू झाले. घाटावरची द्राक्षे, कांदा आणि निर्यात खुली असेल तेव्हा साखर, हा सारा माल याच बंदरातून बाहेर जातो. माझा भाचा तिथल्या एका गोदामाच्या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळतो. साठेक यंत्रे त्याच्या हाताखाली आहेत. एका जागी बसून तो सगळ्यांना हुकूम सोडतो, सगळ्यांवर दुरुस्त्या पाठवतो. गट कचेरीतल्या पाटीची गोष्ट मी त्याला गंमत म्हणून सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "मामा, २०१७ साली आमच्या या रस्त्याचं काय झालं होतं, ते ठाऊक आहे का तुम्हाला?"

मंगळवार, २७ जून २०१७. न्हावा-शेव्याच्या बंदरात गेटवे टर्मिनल्स इंडिया नावाची कंटेनर गोदी आहे. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहातील एपीएम टर्मिनल्स ती चालवते. वीस फुटी डब्याच्या मापाने वर्षाला १८ लाख डबे हाताळण्याची तिची क्षमता, आणि त्या वेळी बंदरातली ती सर्वांत मोठी गोदी. त्या दिवशी जगभर पसरलेल्या 'नॉटपेट्या' नावाच्या विध्वंसक प्रोग्रामने मर्स्कचे कॉम्प्युटर बसवले आणि त्याबरोबर ही गोदीही बसली. क्रेन धडधाकट होत्या, माणसे हजर होती. पण कोणता डबा कुणाचा, कुठे ठेवलेला आणि कोणत्या बोटीवर चढवायचा, हे सांगणारी यंत्रेच मुकी झाली. काम हाताने करायची पाळी आली, आणि येणारा-जाणारा माल तुंबेल असे सरकारलाच सांगावे लागले. काट्याचा कॉम्प्युटर बंद पडल्यावर केन यार्डात जे होते, तेच हे; फक्त गाड्या मोठ्या आणि रांग लांब.

मर्स्क समूहाच्या जगभरातल्या ७६ गोद्यांपैकी १७ गोद्यांना याचा फटका बसला. कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा कंपनीचा अंदाज होता २० ते ३० कोटी डॉलर.

भोक कुठे होते?

हा रोग शिरला युक्रेन देशातून. तिथे हिशेब आणि करभरण्यासाठी एम. ई. डॉक नावाचा प्रोग्राम वापरतात. हल्लेखोरांनी त्या प्रोग्रामच्या दुरुस्त्या पाठवणाऱ्या सर्व्हरमध्येच विष कालवले. म्हणजे रोग आला तोच मुळी दुरुस्तीच्या गाडीत बसून. एकदा आत शिरल्यावर एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात उडी मारायला त्याने जे मार्ग वापरले, त्यातला एक होता विंडोजमधले एक भोक. ते भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. १४ मार्च ते २७ जून म्हणजे १०५ दिवस. मधल्या काळात १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामने याच भोकातून जगभर धुमाकूळ घातला होता. म्हणजे एकदा ठेच लागून झाली होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नुसती दुरुस्ती बसवली असती म्हणजे सगळे वाचले असते, असे नाही. हा प्रोग्राम यंत्राच्या स्मरणातून पासवर्ड चोरून ज्या यंत्रांना दुरुस्ती बसली होती त्यांतही शिरत होता. सगळ्या कुलपांना एकच किल्ली असली म्हणजे असे होते. पण ज्याने भोकच उघडे ठेवले, त्याच्याकडे चोराला किल्ली शोधण्याचीही तसदी पडली नाही.

अमेरिकेतील 'वायर्ड' मासिकाने २०१८ मध्ये या प्रकरणाची हकीकत छापली. तीत दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली अशी की, सुरक्षा सुधारण्याचा आराखडा मर्स्कमध्ये मंजूर होता, त्याला पैसाही मंजूर होता. पण वरच्या अधिकाऱ्यांच्या कामगिरीच्या मोजमापात ते काम धरलेले नव्हते, म्हणून ते पुढे सरकले नाही. दुसरी गोष्ट घाना देशातली. कंपनीच्या सर्व यंत्रांची ओळख ठेवणारे सर्व्हर जगभर नष्ट झाले. घानातला एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच्यावरून पुढचे सगळे उभे केले. भारनियमनाला आपण किती नावे ठेवतो! पण जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीची अब्रू गेलेल्या विजेने राखली, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. नशिबाने वाचणे वेगळे आणि व्यवस्थेने वाचणे वेगळे.

चिठ्ठी कुठे अडकली?

मी भाच्याला विचारले, "अरे, तू एका जागी बसून सगळ्यांना दुरुस्ती पाठवतोस. मग ती पोचायला उशीर का होतो?" तो म्हणाला, "मामा, तुमचा ऊस नोंदलेला असतो, तरी तोड का येत नाही? तसंच." मग त्याने जे समजावले ते मी आपल्या भाषेत सांगतो. तोड आली नाही की आपण काय करतो? आधी नोंद बघतो, मग प्रोग्राम बघतो, मग टोळी कुठे आहे ते बघतो, मग गाडी, मग काटा. एकदम चेअरमनसाहेबांच्या बंगल्यावर जात नाही. कॉम्प्युटरचेही तसेच पाच टप्पे आहेत.

पहिला टप्पा नोंदीचा. ते यंत्र मुख्य सर्व्हरच्या यादीत आहे का? एका यंत्राची नक्कल करून दुसरे तयार केले, तर कधी कधी दोघांची ओळख एकच राहते. सर्व्हरला दोन यंत्रे एकच दिसतात. एका गट नंबरवर दोघांनी ऊस नोंदवल्यासारखे होते. तोड एकाला, बसून राहतो दुसरा. अशा वेळी यंत्राची जुनी ओळख पुसून नवी नोंद करावी लागते.

दुसरा टप्पा मंजुरीचा. दुरुस्ती आली, पण वरून मंजूर झाली का? मागच्या हंगामात कुणी 'तूर्त थांबवा' असा हुकूम घातला आणि हंगाम संपल्यावर तो काढायचा विसरला, असे सर्रास होते. कधी एकाच यंत्राला दोन मालक असतात. जुनी सेटिंग म्हणते थांब, नवा सर्व्हर म्हणतो चल. यंत्र जागच्या जागी.

तिसरा टप्पा पोचण्याचा. यंत्र सर्व्हरशी शेवटचे बोलले कधी, ही तारीख पाहावी. दुरुस्तीची वेळ रात्री दोनची ठेवलेली असते आणि शिपाई सहा वाजता मेन स्विच पाडून घरी जातो. मग ती पोचणार कशी? कधी आतला छोटा सेल संपून यंत्राचे घड्याळ भलत्याच सालात जाते. तारीख जुळत नाही म्हणून ते सर्व्हरवर विश्वासच ठेवत नाही. सेल किरकोळ किमतीचा, पण खोळंबा सहा महिन्यांचा.

चौथा टप्पा जागेचा. डिस्क भरलेली असली तर दुरुस्ती आत शिरत नाही. कधी ती अर्धवट उतरते आणि मोळी अडकावी तशी अडकून बसते. मग उतरवून घेण्याचे काम थांबवायचे, अर्धवट उतरलेला माल झाडून काढायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचे.

पाचवा टप्पा रिस्टार्टचा. पुष्कळ दुरुस्त्या यंत्र पूर्ण बंद होऊन पुन्हा चालू झाल्याशिवाय लागू होत नाहीत. लॅपटॉपचे झाकण मिटले म्हणजे यंत्र बंद झाले असे नाही, ते झोपते. विंडोजच्या नव्या यंत्रात नेहमीच्या 'शट डाऊन'नेही काही भाग तसाच राखून ठेवला जातो. 'रिस्टार्ट' हाच शब्द निवडावा लागतो. आमचे क्लार्कसाहेब अडकले होते ते या पाचव्या टप्प्यावर. म्हणजे ऊस तुटला, भरला, कारखान्याच्या फाटकापर्यंत आला, आणि दिवाळीपासून माघापर्यंत यार्डात वाळत पडला.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट भाच्याने शेवटी सांगितली. "मामा, सर्व्हरवर सगळं हिरवं दिसतं तेव्हा मला जास्त भीती वाटते. जे यंत्र सर्व्हरशी बोलतच नाही, ते कधी कधी यादीतच नसतं. म्हणून मी डेडस्टॉक रजिस्टर घेऊन बसतो. रजिस्टरात साठ यंत्रं अन् सर्व्हरवर चौपन्न, तर त्या सहांना शोधायला मी स्वतः चालत जातो."

बंधूंनो, माझ्या म्हणण्याचा सगळा गाभा इथे आहे. नोंद झाली म्हणजे गाळप झाले नव्हे. मुख्य कचेरीने दुरुस्ती पाठवली म्हणजे ती गट कचेरीत बसली, असे नव्हे. पाठवणाऱ्याचा कागद एक सांगतो आणि टेबलावरचे यंत्र दुसरेच सांगते. या दोहोंचा मेळ रोज घालणारा माणूस नसेल, तर उशीर होतो आणि तो उशीर कुणाला दिसतही नाही.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. वॉनाक्रायने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी निदान ८१ रुग्णालय संस्थांच्या कामाला फटका दिला. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये अहवाल दिला. मार्च आणि एप्रिलमध्येच वरून सावधगिरीच्या सूचना गेल्या होत्या; पण त्या पाळल्या गेल्या की नाही, हे तपासण्याची रीतसर व्यवस्था वरच्या खात्याकडे नव्हती, असे त्या अहवालात म्हटले आहे. सूचना गेली, जावक नंबर पडला, काम संपले! हा कारभार आपल्या ओळखीचा आहे.

दुसरी बाजू

कारखान्याचे अधिकारी म्हणतील, "हंगामात यंत्राला हात लावायचा नसतो. दुरुस्तीनेच काही बिघडले तर?" ही भीती खोटी नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे जगातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर कोलमडले. आपल्या देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते बिघडले का? तर एकच माल एकाच वेळी सगळीकडे गेला.

मग यावर उतारा काय? दुरुस्ती थांबवणे हा उतारा नव्हे, टप्प्याने करणे हा उतारा आहे. नवे बेणे आले की आपण दहा एकर एकदम लावतो का? आधी दोन सरी लावून बघतो. तसे पहिल्या दिवशी मुख्य कचेरीतले एक बिनकामाचे यंत्र, दोन दिवसांनी एक गट कचेरी, मग बाकीच्या, आणि काटा शेवटी, तोही पाळी बदलताना, शेजारचा काटा चालू ठेवून. आठ-दहा दिवसांत सगळे होते. आठ दिवस थांबणे ही सावधगिरी झाली. हंगामभर थांबणे हा आळस, आणि त्याला सावधगिरीचे नाव देणे ही फसवणूक.

आपल्या पदरात काय?

कुणी म्हणेल, आपल्या खेड्यातल्या संस्थेकडे कोण चोर येतो? सहकाराला चोर ओळखतात, बंधूंनो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून दोन-तीन दिवसांत ९४ कोटी रुपये लुटले गेले. ते प्रकरण वेगळ्या तऱ्हेचे होते; पण सहकारी संस्था म्हणून कुणी गय केली नाही, एवढे त्यातून शिकावे. आणि नॉटपेट्याने तर नाव-गावही पाहिले नव्हते. भोक दिसले, घुसले.

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर १५ टक्के दराने व्याज. हा हक्क आपण भांडून सांभाळतो. पण नोंदीचे, वजनाचे आणि बिलाचे यंत्रच हंगामाच्या मध्यावर बसले, तर १४ दिवसांचा हिशेब कोण मांडणार? उभा ऊस तुरे काढील, आणि तुटलेल्या उसाचे वजन कागदाच्या चिठ्ठ्यांत शोधावे लागेल. नुकसान कॉम्प्युटरचे होणार नाही; ते आपल्या सोसायटीच्या कर्जखात्यावर पडेल.

म्हणून संचालक मंडळाकडे आणि येत्या वार्षिक सभेकडे माझे मागणे असे :

एक, डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणे कारखान्याची एकूण यंत्रे किती, त्यांपैकी चालू महिन्याची सुरक्षा दुरुस्ती पूर्ण बसलेली किती, आणि सर्वांत जास्त दिवस मागे राहिलेले यंत्र किती दिवस मागे, हे तीन आकडे दर महिन्याच्या मीटिंगपुढे यावेत. रोजचे गाळप आणि उतारा फळ्यावर लिहितो, तसे.

दोन, या कामाला एक जबाबदार अधिकारी नेमून द्यावा आणि रिस्टार्टसाठी गट कचेरीला आठवड्यातून ठरलेली वेळ द्यावी. मग क्लार्कवर माणसे ओरडणार नाहीत. दारावर पाटीच लावा.

तीन, ज्या यंत्रांना आता दुरुस्त्याच मिळत नाहीत ती बाजूला काढावीत. विंडोज १० ची मोफत दुरुस्तीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मुदतवाढ घेतली नसेल, तर तसे यंत्र कामाच्या जाळ्यावर ठेवू नये.

चार, नोंद आणि बिलांची एक प्रत जाळ्यापासून तोडलेल्या जागी रोज ठेवावी, आणि ती परत उतरवता येते की नाही, हे हंगामापूर्वी करून पाहावे. घानाच्या विजेवर आपण विसंबून राहायचे नाही.

यात खर्च नगण्य आहे. विचारण्याची सवय लागली पाहिजे. ज्या कामाबद्दल कुणी विचारत नाही, ते काम मागे पडते. मर्स्कसारख्या कंपनीत पडले, तिथे आपली काय कथा! सभेत उसाचा दर विचारताना आपला आवाज चढतो, तो चढलाच पाहिजे. त्याच सभेत हातासरशी हेही विचारा : "साहेब, आपली किती यंत्रं 'नंतर' वर आहेत?"

बैल गेला अन् झोपा केला, असे होऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच. चुकभूल द्यावी घ्यावी.

कळावे,
आपला,
एक सभासद